मधली बातमी कुठे गेली? : मराठी क्रीडा संपादकांना खुले पत्र

मराठी दैनिकांच्या सर्व क्रीडा संपादकांना,



पत्रास कारण की, निवृत्तीनंतर कपाट आवरताना कात्रणांची जुनी वही हाती लागली. कोल्हापुरातल्या एका शाळेत मी क्रीडाशिक्षक होतो. शाळेच्या व्हरांड्यात एक फळा फुटबॉलसाठी राखलेला असे आणि तुमच्या पानांतल्या बातम्या कापून त्यावर लावणं हे माझं सकाळचं पहिलं काम. धडा वाचायला सांगितला की ज्यांना जांभया येत, तीच पोरं त्या फळ्यापुढे टाचा उंचावून उभी राहत. २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि फळाही बंद पडला. मग मी कात्रणं वहीत चिकटवून त्यांचे फोटो पालकांच्या मोबाइलवर पाठवू लागलो. ती ही वही.

तिच्यात ऑक्टोबर २०२०चं एक पान आहे. वर पॅरिसची बातमी. २० ऑक्टोबरच्या रात्री मँचेस्टर युनायटेडच्या मार्कस रॅशफर्डने ८७व्या मिनिटाला गोल केला आणि पॅरिस सेंट-जर्मेंला त्यांच्याच मैदानावर २-१ असं हरवलं. खाली दुसरी बातमी. २८ ऑक्टोबरला तोच रॅशफर्ड लाइपझिगविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरला आणि १८ मिनिटांत त्याने तीन गोल केले. दोन्हींवर माझ्या लाल शाईच्या खुणा आहेत. दोन कात्रणांच्या मध्ये बोटभर जागा मोकळी आहे.

त्या मोकळ्या जागेतली बातमी मला पुढे कितीतरी महिन्यांनी कळली, तीही इंग्रजी पेपर वाचणाऱ्या माझ्या भाच्याकडून. पॅरिसच्या गोलच्या दुसऱ्याच दिवशी, २१ ऑक्टोबरला, ब्रिटनच्या संसदेत मतदान झालं. शाळेच्या सुट्ट्यांत गरीब मुलांचं मोफत जेवण चालू ठेवायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. ठराव विरोधी पक्षाने आणला, पण त्यामागचा रेटा पंतप्रधानांपासून खासदारांपर्यंत सगळ्यांच्या दारी जाऊन उभ्या राहिलेल्या एका बावीस वर्षांच्या फुटबॉलपटूचा होता. ३२२ विरुद्ध २६१ मतांनी ठराव पडला. त्यानंतर देशभरातली छोटी हॉटेलं, चहाची दुकानं, नगरपरिषदा पुढे आल्या. आमच्याकडे या, सुट्टीत तुमच्या मुलाला आम्ही जेवू घालू, असं त्या सांगू लागल्या आणि रॅशफर्ड त्यांची नावं एकामागून एक आपल्या ट्विटर खात्यावर देत राहिला. लोकांच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. लाइपझिगविरुद्धचे तीन गोल या सगळ्या धामधुमीतले आहेत. ८ नोव्हेंबरला सरकारने गरीब कुटुंबांसाठी १७ कोटी पौंडांची हिवाळी मदत जाहीर केली आणि सुट्टीतल्या जेवणाची योजना पुढच्या वर्षभरासाठी वाढवली.

माझ्या पोरांना दोन सामने कळले. त्यांच्या मधलं काहीच कळलं नाही. माझी पहिली तक्रार ही आहे, आणि खरं तर बाकीच्या सगळ्या तिच्यातूनच निघतात.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे जागा कमी, माणसं त्याहून कमी, बातमी वृत्तसंस्थेकडून येते आणि आम्ही तिचं मराठी करतो. मला ते दिसतं. पण त्याच आठवड्यांत कोणता खेळाडू कुठल्या क्लबकडे किती कोटींना जाणार याच्या अफवांना तुमच्या पानांवर जागा मिळत होती. माझ्या वहीत तीही कात्रणं आहेत. त्यांतल्या निम्म्या अफवा पुढे खोट्या ठरल्या.

रॅशफर्डची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. तुमच्या वाचकाला ती कुणी नीट सांगितली नाही, म्हणून इथे सांगतो. मँचेस्टरच्या दक्षिणेला विदनशॉ नावाची वस्ती आहे, तिथे १९९७मध्ये तो जन्मला. आई एकटी, मुलं पाच. ती किमान वेतनावर राबायची, तरी आठवड्याच्या शेवटी ताटात काय पडेल याची खात्री नसायची. शाळेतली सकाळची मोफत न्याहारी, दुपारचं मोफत जेवण, शेजाऱ्यांचा हात आणि प्रशिक्षकांची माया, यांवर ही मुलं वाढली. नाताळचं जेवण आणायला हे कुटुंब दरवर्षी अन्नवाटप केंद्रावर जात असे. पाचव्या वर्षी तो फ्लेचर मॉस रेंजर्स या स्थानिक क्लबात खेळू लागला, सातव्या वर्षी युनायटेडच्या अकादमीत गेला आणि अकराव्या वर्षी क्लबच्या राहण्या-जेवणाच्या योजनेत. त्या योजनेत घ्यायच्या वयापेक्षाही तो लहान होता. आईने तरी त्याला पाठवलं, कारण तिथे पोराला वेळेवर जेवायला मिळणार होतं.

कोल्हापूरच्या माणसाला यातलं काही परकं वाटू नये. शाहू महाराजांनी १९०१मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांग उभी केली. खेड्यातून शिकायला आलेल्या मुलाचं पुस्तकाआधी पोटाचं आणि पथारीचं बघावं लागतं, हे त्यांना कळलं होतं. आमच्या आजोबांच्या पिढीत "पोरगं बोर्डिंगात आहे" म्हटलं की आईचा जीव निम्मा हलका व्हायचा. रॅशफर्डच्या आईचाही तसाच झाला असेल. आमच्या मुख्य फुटबॉल मैदानाला शाहूंचंच नाव आहे, त्यामुळे ही जोडणी मला ओढून आणावी लागत नाही.

पुढचं तुम्ही छापलंच. २५ फेब्रुवारी २०१६ला सरावात एक खेळाडू जखमी झाला म्हणून अठरा वर्षांचा हा मुलगा ऐनवेळी संघात आला आणि मिटिलँडविरुद्ध त्याने दोन गोल केले. तीन दिवसांनी आर्सेनलविरुद्ध आणखी दोन. तुमच्या पानावर त्याचा फोटो चार रकान्यांत आला होता.

२०२०च्या मार्चमध्ये तो पाठीच्या दुखापतीने घरी होता. शाळा बंद झाल्या तेव्हा त्याला पहिला विचार आला तो शाळेत जेवणाऱ्या मुलांचा, कारण तो स्वतः त्यांच्यातलाच होता. फेअरशेअर नावाची संस्था उरलेलं चांगलं अन्न गोळा करून गरजूंपर्यंत पोहोचवते. तिच्यासोबत तो कामाला लागला आणि काही महिन्यांत सुमारे २ कोटी पौंड उभे राहिले. मग १५ जूनला त्याने देशाच्या सगळ्या खासदारांना एक खुलं पत्र लिहिलं. त्यात सल्ले कमी आणि स्वतःच्या घरातली गोष्ट जास्त होती. उन्हाळ्याच्या सहा आठवड्यांच्या सुट्टीतही जेवणाची कुपनं चालू ठेवा, एवढीच मागणी. सरकार तोवर नाही म्हणत होतं. १६ जूनला ते हो म्हणालं. इंग्लंडमधली १३ लाख मुलं, प्रत्येकाला आठवड्याला १५ पौंड, एकूण सुमारे १२ कोटी पौंड. एका पत्राने एका दिवसात एवढं झाल्याचं मी माझ्या आयुष्यात दुसरं उदाहरण पाहिलेलं नाही.

हे सगळं कळल्यावर मी एक लेख लिहिला आणि एका दैनिकाच्या क्रीडा विभागाकडे पाठवला. उत्तर आलं की विषय चांगला आहे, पण खेळाचा नाही, पुरवणीकडे द्या. पुरवणीने सांगितलं, हा खेळाडूवरचा लेख आहे, क्रीडा विभागाकडे द्या. लेख घरीच राहिला. त्याचं मला फार दुःख नाही. पण "विषय खेळाचा नाही" हे वाक्य आजही टोचतं, आणि त्याचं उत्तर मला द्यायचं आहे.

मे महिन्यात आम्ही गांधी मैदानावर सकाळी सहाला सराव घ्यायचो. एका वर्षी नववीतला एक मुलगा, बचावफळीत उत्तम, तिसऱ्या फेरीतच गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला आणि मग खाली बसला. त्याला सावलीत नेलं, पाणी दिलं. विचारलं, काल रात्री काय जेवलास? म्हणाला, चहा-बटर. आणि दुपारी? तेव्हा तो काहीच बोलला नाही. त्याचा धाकटा भाऊ सहावीत होता. शाळा चालू असली की धाकट्याला पोषण आहारातली खिचडी मिळे. थोरला नववीत गेला तशी त्याची खिचडी थांबली, कारण योजना आठवीपर्यंतच आहे. आणि सुट्टी लागली की धाकट्याचीही थांबे, मग घरातलं जे काही असेल त्यात आणखी एक वाटेकरी वाढे. बचावफळीतला तो मुलगा पुढच्या वर्षी सरावाला आला नाही. एका दुकानात कामाला लागला.

सुट्टीतल्या शिबिरात पोरं का गळतात, याची कारणं आम्ही क्रीडाशिक्षक तंदुरुस्ती, शिस्त, मोबाइल अशी सांगत आलो. मीही सांगितली. त्या मुलाला उठवून बसवल्यावर मात्र मी प्रत्येक सरावाआधी जेवणाचं विचारू लागलो. म्हणून सांगतो, संपादकहो, हा विषय खेळाचाच आहे. मैदानावर कोण टिकतो आणि कोण घरी जातो हे ठरवणाऱ्या गोष्टींत तो सर्वांत आधी येतो.

शिवाय हा विषय आपल्या देशातही नवा नाही. शाळेत शिजवलेलं अन्न द्या, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्ये सांगितलं. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही ते द्या, हा आदेश २००४चा आहे. म्हणजे मँचेस्टरच्या मुलाने संसदेला जो प्रश्न विचारला, तो आपल्याकडे सोळा वर्षं आधी न्यायालयात विचारून झाला होता आणि त्याचं उत्तरही मिळालं होतं. २०२०च्या त्याच उन्हाळ्यात माझे सहकारी शिक्षक तोंडाला मास्क लावून शाळेच्या ओट्यावर तांदूळ आणि डाळ मोजून पालकांना देत होते. रॅशफर्डचं पत्र त्यांना त्या आठवड्यात वाचायला मिळालं असतं, तर आपण कोणतं काम करतोय हे त्यांना वेगळ्या तऱ्हेने कळलं असतं. ही सांगड घालून द्यायला पत्रकारच लागतो. वृत्तसंस्थेच्या बातमीत ती येणार नाही.

आता ११ जुलै २०२१बद्दल. युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात वेम्ब्लीवर इटलीविरुद्ध रॅशफर्डची पेनल्टी खांबाला लागली. पाठोपाठ सांचो आणि साका यांच्या किक गोलरक्षकाने अडवल्या. तिघेही कृष्णवर्णीय, आणि त्या रात्रीच समाजमाध्यमांवर त्यांना रंगावरून शिव्यांची लाखोली वाहिली गेली. सत्ताधारी पक्षाच्या एका खासदाराने सहकाऱ्यांना संदेश पाठवला की, रॅशफर्डने राजकारणात वेळ घालवण्यापेक्षा खेळ सुधारला असता तर बरं झालं असतं. पुढे माफी मागावी लागली. आपल्याकडे मात्र माफीही न मागता हेच बोललं गेलं. "खेळाडूने खेळावं, बाकी उद्योग करू नयेत" हे मी त्या आठवड्यात मराठीत, छापील अक्षरांत वाचलं.

रॅशफर्डने मुलांच्या जेवणाबद्दल बोलणं हा बाकीचा उद्योग नव्हे. ती माहिती त्याच्याकडे होती आणि मंत्र्यांकडे नव्हती. भुकेल्या पोटी शाळेत बसणं काय असतं हे त्या सभागृहात किती जणांनी अनुभवलं होतं? ज्याला ठाऊक आहे त्याने सांगायचं नाही, तर कुणी सांगायचं?

मँचेस्टरमधल्या विदिंग्टनमध्ये एका भिंतीवर त्याचं मोठं चित्र काढलेलं आहे. सामन्याच्या रात्री कुणीतरी ते विद्रूप केलं. सकाळी आसपासचे लोक आले आणि त्यांनी ती जागा चिठ्ठ्यांनी, कागदी हृदयांनी, मुलांच्या हस्ताक्षरातल्या निरोपांनी झाकून टाकली. लहान मुलं आईचा हात धरून येत होती आणि आपला कागद चिकटवून जात होती. तुमच्या पानांवर तो फोटो मी फार शोधला. पेनल्टी चुकवल्यानंतर मान खाली घातलेला रॅशफर्ड मात्र सगळीकडे होता.

याच्या उलट एक दोष आहे, त्याबद्दलही बोललं पाहिजे. कधीमधी तुम्ही खेळाडूच्या सेवाकार्यावर लिहिता तेव्हा तो लगेच दानशूर कर्ण होतो. सेनेगलच्या सादियो मानेने बंबाली या आपल्या गावात रुग्णालय बांधून दिलं, ते २०२१मध्ये सुरू झालं. बातमी आली, त्याच्या मोठ्या मनाचं कौतुकही आलं. पण माने सात वर्षांचा असताना त्याचे वडील वारले आणि तेव्हा गावात दवाखाना नव्हता, ही त्या बातमीची खरी सुरुवात होती. शिवाय एखाद्या गावाला दवाखान्यासाठी आपल्या पोराने मोठा फुटबॉलपटू होण्याची वाट का पाहावी लागली, हा प्रश्न पानभर विचारण्यासारखा होता.

रॅशफर्डचं वेगळेपण मला इथेच दिसतं. त्याने पैसे दिले, उभेही केले, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. जेवण हा त्या मुलांचा हक्क आहे आणि तो देणं सरकारचं काम आहे, असं तो म्हणाला आणि सरकारकडून ते करून घेतलं. दान देणाऱ्याचं नाव भिंतीवर लागतं आणि त्याचं मन बदललं की दान थांबतं. हक्काचं तसं होत नाही. मराठी वाचकाला हा फरक समजावायला रॅशफर्डइतकं सोपं उदाहरण मिळणार नाही, आणि ते आपण वाया घालवलं.

त्याला देव करा असं माझं म्हणणं नाही. २०२२-२३च्या हंगामात त्याने युनायटेडसाठी ३० गोल केले आणि नंतर त्याचा खेळ घसरला. संघातली जागा गेली, आधी ॲस्टन व्हिला आणि मग बार्सिलोना अशी उसनवारी झाली. त्याच्या शिस्तीवर टीका झाली, ती छापायलाच हवी. पण बातमीच्या मागावर राहायचं तर दोन्ही वाटांनी राहा. २०२५च्या जूनमध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केलं की, सप्टेंबर २०२६पासून इंग्लंडमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट ही सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबातल्या मुलाला शाळेत मोफत जेवण मिळेल. त्याचं श्रेय एकट्या रॅशफर्डचं नाही. अनेक शिक्षक, संघटना आणि पालक वर्षानुवर्षं त्यामागे होते. पण त्या लढाईतलं सर्वांत ओळखीचं नाव तुमच्या पानावर नेहमी असतं, मग ही बातमीही तिथे यायला काय हरकत होती?

घरचंही सांगतो. शाहू स्टेडियमवर दोन तालमींच्या फुटबॉल संघांच्या पाठीराख्यांत हाणामारी झाली की दुसऱ्या दिवशी राज्यभर बातमी जाते. जावी, ती लाजेची गोष्ट आहे आणि आम्हाला सुनवायलाच हवं. पण २०१९च्या महापुरात त्याच पेठांतली फुटबॉल खेळणारी पोरं छातीभर पाण्यातून म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन येताना मी पाहिली आहेत. त्यांच्यावर खेळाच्या पानात एक ओळ आली नाही. नागपुरात विजय बारसे यांनी २००१पासून झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलभोवती गोळा केलं. त्यांना आपल्या पेपरांत भरघोस जागा मिळाली ती २०२२मध्ये त्यांच्यावरचा 'झुंड' हा सिनेमा आल्यावर, आणि ती सिनेमाच्या पानावर. मधली वीस वर्षं ते मैदानावरच होते. आमचा अनिकेत जाधव २०१७मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, तेव्हा माझा फळा महिनाभर त्याच्याच कात्रणांनी भरला होता. तो कुठल्या मातीत, कुणाच्या आधाराने वाढला, हे शोधायला मुंबई-पुण्याहून एखादा वार्ताहर येईल, अशी मी वाट पाहिली.

मागण्या फार नाहीत. खेळाडूची ओळख करून देताना त्याच्या करारातल्या कोटींबरोबर त्याची वस्ती, शाळा आणि त्याला वाढवणारी माणसं यांना चार ओळी द्या. त्याने समाजासाठी काही केलं तर ते काम कसं चालतं, पैसा कुठून येतो, किती मुलांपर्यंत पोहोचतो, हे गोल मोजता त्याच काटेकोरपणे मोजा. पोकळ असेल तर पोकळ म्हणून लिहा. पेनल्टी चुकली म्हणून माणसाच्या कामावर निकाल देऊ नका. आणि वर्षातून एकदा तरी, मे महिन्यात, राज्यातल्या उन्हाळी शिबिरांतली मुलं काय खाऊन धावतात याची बातमी करा. ती क्रीडा पानावरच छापा. पोषण आहार नववी-दहावीच्या मुलांना का नाही, आणि सुट्टीत का नाही, हा प्रश्न तुमच्या पानावरून विचारला गेला तर मंत्रालयातही वाचला जाईल, कारण तिथेही लोक पेपर मागच्या पानापासून उघडतात.

या उन्हाळ्यात तुमचा एखादा तरुण वार्ताहर कोल्हापूरला पाठवा. सकाळी सहाला मी गांधी मैदानावर असतो. निवृत्त झालो तरी पोरं येतात, मीही जातो. त्याने पहिला प्रश्न मला विचारू नये, पोरांना विचारावा. काल रात्री काय जेवलात, एवढाच.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
कोल्हापूर